द लिंकन लॉयर
'द लिंकन लॉयर' ही अमेरिकन लेखक मायकेल कॉनली यांची २००५ साली प्रकाशित झालेली न्यायालयीन रहस्यकादंबरी आहे. कॉनली पूर्वी 'लॉस एंजेलस टाइम्स'मध्ये गुन्हेवार्ताहर होते. मिकी हॉलर या फौजदारी वकिलाची ही पहिली कादंबरी होय. लिंकन टाउन कार या मोटारीची मागची बैठक हेच त्याचे कार्यालय असल्याने कादंबरीस हे नाव मिळाले. शुल्क फेडू न शकलेला एक जुना अशील ती मोटार चालवतो.

बेव्हर्ली हिल्समधील धनाढ्य मालमत्ता दलाल लुई रूले याच्यावर एका स्त्रीवर प्राणघातक हल्ला केल्याचा आरोप असतो. त्याचे वकीलपत्र घेतल्यावर हॉलरला एक जुना खटला आठवतो. त्यातील आरोपी हेसूस मेनेंडेझ निर्दोष असल्याचे सांगत होता; तरीही हॉलरच्या सल्ल्यावरून त्याने गुन्हा कबूल केला आणि तो सॅन क्वेंटिन तुरुंगात जन्मठेप भोगत आहे. तो खून रूलेनेच केला असावा, हे हॉलरच्या ध्यानात येते. मात्र अशिलाविषयीची गोपनीय माहिती उघड करण्यास वकिलाला कायद्याने मनाई असते आणि रूलेने त्याला नेमले आहे ते हे ओळखूनच. खरा गुन्हेगार असा मध्यावरच कळतो. त्यानंतरची उत्कंठा हॉलर या कोंडीतून कसा सुटतो याची आहे. उलटतपासणीचे प्रसंग विशेष रंगले आहेत.

कादंबरीला शेमस पुरस्कार मिळाला. २०११ च्या चित्रपटात मॅथ्यू मॅकोनाहे यांनी हॉलरची भूमिका केली. २०२२ पासूनच्या नेटफ्लिक्स मालिकेचा पहिला हंगाम मात्र याच नावाचा असूनही 'द ब्रास व्हर्डिक्ट' या पुढील कादंबरीवर बेतलेला आहे.