कॅमेऱ्याचे बटण वायरीच्या टोकाला

गटाचा माल आता फोटोवरून विकला जातो. शहरातल्या गिऱ्हाइकाला लोणचे चाखता येत नाही, गोधडीचा टाका बोटाने चाचपता येत नाही. टाके बारीक असूनही फोटोत ते पुसट दिसले, तर भाव तिथेच पडतो. म्हणून आज आपण हललेल्या फोटोबद्दल बोलू.

आपल्या घरात उजेड कमी. उजेड कमी असला की कॅमेऱ्याचा पडदा जास्त वेळ उघडा राहतो. साध्या लेन्सवर १/५० सेकंदाहून जास्त वेळ लागला, तर हातातला कॅमेरा हललेला फोटो देण्याची शक्यता फार. कॅमेरा स्टँडवर ठेवला तरी बटण दाबताना बोटाचा धक्का बसतोच. फ्लॅश मारावा, तर लोणच्याच्या तेलावर नुसती चमक येते.

यावर उपाय म्हणजे वायरचा रिमोट. एका टोकाला पिन, दुसऱ्या टोकाला बटण. त्यात सेल लागत नाही. आत तीन तारा असतात. बटण अर्धे दाबले की दोन तारा जुळतात आणि कॅमेरा फोकस करतो. पूर्ण दाबले की तिसरी जुळते आणि फोटो निघतो. दाराच्या बेलसारखेच, फक्त दोन पायऱ्यांचे.

विकत घेण्याआधी कॅमेऱ्याच्या बाजूचे रबरी झाकण उघडून बघा. कॅनन १५००डीला २.५ मिलिमीटरची गोल पिन लागते. मोबाइलच्या इअरफोनची पिन ३.५ची, ती बसणार नाही. निकॉन डी५६००ची पिन वेगळ्याच आकाराची. निकॉन डी३५००ला तर रिमोटच्या वायरीसाठी जागाच दिलेली नाही. दुकानदार ‘सगळ्यांना चालते’ म्हणाला तरी कॅमेरा सोबत नेऊन लावून बघा, मगच पैसे द्या.

स्टँड नसेल तर पाटावर डाळीची पिशवी ठेवून तिच्यात कॅमेरा घट्ट बसवा. छान बसतो. माल खिडकीजवळ, सावलीत मांडा. फ्लॅश बंद करा. आधी अर्धे बटण दाबून थांबा, फोकस झाला की पूर्ण दाबा. कधी कधी बटण दाबूनही फोटो निघत नाही. रिमोट बिघडला असे समजू नका. पांढऱ्या साध्या कापडावर कॅमेऱ्याला फोकस सापडत नाही. नक्षीच्या काठावर धरा, नाहीतर लेन्सवरची कळ एमएफकडे करून हाताने फिरवा.

बहुतेक रिमोटचे बटण पुढे सरकवले की अडकून राहते. ते रात्रीच्या लांब फोटोंसाठी. मालाच्या फोटोला त्याची गरज नाही, आणि चुकून अडकले तर बॅटरी उतरते.

आता सगळ्या बाया फोटोत हव्यात, काढणारीसुद्धा. अहवालात बघा, फोटो काढणारी कुठेच दिसत नसते! पण कॅननची वायर जेमतेम ६० सेंटिमीटर. तेवढ्यासाठी लांब वायर घेऊ नका. कॅमेऱ्यातच १० सेकंदांचा टायमर असतो, तो लावा आणि पटकन रांगेत जाऊन उभ्या राहा.

ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांनी आवाजाची बटणे असलेला इअरफोन लावून कॅमेरा उघडावा. बऱ्याच फोनांत आवाज वाढवायचे बटण दाबले की फोटो निघतो. आज घरी लावून बघा.