मोनिक : परखड बोलांचे मोल

७ मार्च २०१०. ऑस्कर सोहळ्यात निळे वस्त्र परिधान केलेली, केसांत गार्डेनियाची शुभ्र फुले माळलेली एक अभिनेत्री मंचावर आली. १९४० साली हाच पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत हॅटी मॅक्डॅनियल यांना तिने वाहिलेली ती आदरांजली होती. ‘प्रेशस’ चित्रपटातील निष्ठुर मातेच्या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्री ठरलेल्या या कलावंत म्हणजे मोनिक.

१९६७ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जन्मलेल्या मोनिक भावाने दिलेल्या आव्हानामुळे विनोदाच्या रंगमंचावर उतरल्या. आपल्या स्थूल देहाचा संकोच न बाळगता त्यांनी प्रेक्षकांना मनमुराद हसवले. ‘द पार्कर्स’ (१९९९-२००४) या मालिकेने त्या घरोघरी पोहोचल्या.

‘प्रेशस’च्या पुरस्कार-प्रचारासाठी विनामोबदला फिरण्यास मात्र त्यांनी नकार दिला. पुरस्कार लाभला, तरी पुढे मोठ्या भूमिका दुर्मिळ झाल्या. २०१८ मध्ये नेटफ्लिक्सने एका कार्यक्रमासाठी देऊ केलेले ५ लाख डॉलर इतर विनोदी कलावंतांच्या मानधनापुढे तुटपुंजे आहेत, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले आणि २०१९ मध्ये न्यायालयाची पायरी चढल्या. २०२२ मध्ये तडजोड झाली. त्याच वर्षी ‘प्रेशस’चे दिग्दर्शक ली डॅनियल्स यांनी जुन्या दुराव्याबद्दल त्यांची जाहीर क्षमा मागितली. २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवरच त्यांचा कार्यक्रम झळकला. २०२४ मध्ये डॅनियल्स यांच्याच ‘द डिलिव्हरन्स’मध्ये त्या पुन्हा दिसल्या.

आपल्या श्रमाचे मोल स्वतः मागण्याची किंमत मोनिक यांनी उमेदीच्या अनेक वर्षांनी चुकती केली. मागणी मात्र मागे घेतली नाही.