पंप कोणाचा, डिझेल कोणाचं?

सोयाबीन काढणीला आलं की नांदगाव खंडेश्वरच्या शेतकऱ्याला थ्रेशरसाठी, ट्रॅक्टरसाठी डिझेल लागतं. ते कुठं भरायचं, हे भाव, माप आणि पंपवाल्याची उधारी यांवर ठरतं. पंपावरच्या पाटीमागे दुसऱ्या देशाचं सरकार असेल तर? हा प्रश्न आता रास्त आहे, आणि त्याचं उत्तर वाटतं तितकं सरळ नाही.

नायाराचे मालक

एस्सार ऑइल २०१७ मध्ये १२.९ अब्ज डॉलरच्या व्यवहारात विकली गेली. रशियन सरकारच्या ताब्यातल्या रोसनेफ्टनं ४९.१३ टक्के हिस्सा घेतला. पुढं कंपनीचं नाव नायारा एनर्जी झालं. गुजरातेत वाडिनारला तिची वर्षाला दोन कोटी टनांची रिफायनरी आहे आणि देशभर सहा हजारांहून जास्त पंप आहेत. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघानं तिच्यावर निर्बंध घातले. त्यामुळे मायक्रोसॉफ्टनं तिच्या सेवा थांबवल्या, कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा पूर्ववत झाल्या.

बहिष्कार कोणाला लागतो?

मालकाच्या देशावरचा राग पंपावर निघणं अमेरिकेत आधी घडलं आहे. सिटगो ही तेव्हा व्हेनेझुएलाच्या सरकारी तेल कंपनीची. २००६ मध्ये तिथले राष्ट्राध्यक्ष ह्यूगो चावेझ यांनी संयुक्त राष्ट्रांत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बुश यांना सैतान म्हटलं आणि सिटगोवर बहिष्काराच्या हाका उठल्या. रशियाच्या युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर, २०२२ मध्ये, ल्युकऑइलच्या पंपांवर तोच राग निघाला. ल्युकऑइल तर सरकारी नव्हे, खासगी रशियन कंपनी. शिवाय यातले कितीतरी पंप चालवणारे तिथलेच छोटे व्यावसायिक होते.

आपल्याकडेही डीलर बहुतेक गावचा किंवा तालुक्याचाच असतो. जागा त्याची, कर्ज त्याच्या नावावर, नोझल धरणारी पोरं गावातलीच. गिऱ्हाईक तुटलं की आधी त्यांची रोजी जाते. मॉस्कोला त्याची झळही लागत नाही.

टँकरमध्ये देश वेगळा राहत नाही

अकोल्याजवळच्या गायगाव डेपोतून टँकर भरून निघतो, तेव्हा त्यातलं इंधन कोणत्या देशाच्या क्रूडचं, म्हणजे कच्च्या तेलाचं, हे सांगता येत नाही. तेल कंपन्या एकमेकींकडून इंधन घेतात. २०२२ नंतर सरकारी रिफायनऱ्यांनीही रशियन क्रूड भरपूर घेतलं. आपल्या सरकारी ओएनजीसी विदेशचा तर रशियातल्या सखालिन-१ प्रकल्पात २० टक्के वाटा आहे. पंप बदलून रशिया टाळू म्हणणाऱ्याच्या टाकीत रशियाच असू शकतो.

आपलं सरकारही मालक आहे

एस्सो १९७४ मध्ये आणि बर्मा-शेल १९७६ मध्ये, या परदेशी कंपन्या सरकारनं ताब्यात घेतल्या. त्यातून आजच्या एचपीसीएल आणि बीपीसीएल उभ्या राहिल्या. मालकी देशी आहे म्हणून राजकारण दूर राहिलं, असं नाही. नोव्हेंबर २०२१ ते मार्च २०२२, पाच राज्यांच्या निवडणुकांच्या काळात, क्रूड महागत असताना सरकारी पंपांवरचे दर चार महिन्यांहून जास्त काळ हलले नाहीत. पुढं तोटा परवडेना म्हणून खासगी पंपांनी विक्री आवरती घेतली. पंपावर मालकीचा खरा परिणाम ग्राहकाला जाणवतो तो असा.

मग काय करावं?

परदेशी सरकारला आपल्या रिफायनरीत किती हिस्सा द्यावा, हे दिल्लीत ठरतं. त्याबद्दलचा राग किंवा पाठिंबा आपल्या खासदाराला सांगावा, पंपावरच्या पोराला नव्हे. पंपावर आपला हक्क वेगळा आहे. शंका आली तर पाच लिटरचं प्रमाणित माप मागा, पेट्रोलसाठी फिल्टर पेपर मागा. कंपनी कोणत्याही देशाची असो, पंपवाल्याला ते द्यावंच लागतं.