बांधावरचा वटवट्या



श्रावणात बांध तासायला कोयता घेऊन जाल, तेव्हा जरा थांबून झुडपाकडे बघा. शेपटी उभी धरून एक चिमुकला पक्षी तुमच्याभोवती सारखा वटवट करत असेल, तर जवळपास त्याचं घरटं आहे असं समजा. हा राखी वटवट्या.

ओळख : लांबी जेमतेम 13 सेंटिमीटर, त्यात बरीचशी शेपटीच. पाठ राखाडी, पोट फिकट तांबूस. उडताना चुटक्या वाजवल्यासारखा टक्-टक् आवाज येतो. पुष्कळ जण याला शिंपी समजतात. पण शिंप्याची पाठ हिरवट आणि टोपी तांबडी असते.

राहणी : माळरान, ओढ्याकाठचं गवत, बोरी-बाभळी, तरवड, घाणेरी आणि आपले बांध ही याची वस्ती. उंच झाडावर तो क्वचितच जातो. बारा महिने इथंच राहतो. विणीचा हंगाम मुख्यतः पावसाळ्यात. जमिनीपासून थोड्याच उंचीवर पानं कोळिष्टकांनी शिवून नर-मादी घरटं करतात. आत 3 ते 5 चकचकीत विटकरी अंडी असतात. साधारण 12 दिवसांत पिल्लं बाहेर येतात.

आपला फायदा : हा दाणा खात नाही. किडे आणि अळ्या हेच याचं मुख्य खाणं, आणि पिल्लांनाही तेच भरवतो. अर्थात, एकट्या वटवट्यानं कीड आटोक्यात येईल असं मात्र समजू नका. पिकाची पाहणी आपणच करायची.

मीसुद्धा पूर्वी ‘बांध स्वच्छ ठेवा’ असं सरसकट सांगत असे. एकदा एका शेतावर माझ्याच सांगण्यावरून तोडलेल्या बोरीत फुटलेली तांबडी अंडी दिसली. तेव्हापासून सल्ला थोडा बदलला आहे. तो असा :

1. गाजरगवत, पेटारी, रानभेंडी यांवर कपाशीवरचा पिठ्या ढेकूण पोसतो. ही तणं फुलण्याआधीच मुळासकट उपटा. त्यात कसूर नको.
2. बोर, तरवड अशी झुडपं पावसाळ्यात तोडू नका. पिकावर सावली पडत असेल तर तेवढ्याच फांद्या छाटा. मोठी छाटणी दिवाळीनंतर करा, तीही आधी घरटं नाही ना हे पाहून.
3. बांध पेटवू नका. गवत कापून गुरांना घाला, नाहीतर कुजवून खत करा.
4. किडीनं आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली तरच फवारा, आणि औषध बांधावरच्या झुडपांवर जाऊ देऊ नका. विषानं मेलेल्या अळ्या पिल्लांच्या चोचीत जाऊ शकतात.

झुडूप तोडायला घटकाभर पुरते, पण पुन्हा वाढायला दोन-तीन पावसाळे लागतात. तेव्हा कोयता चालवण्याआधी एकदा वाकून बघा.