मांड्या दुखल्या म्हणून गोळी सोडू नका

दसऱ्याच्या सुमारास वाशीम, रिसोड, मालेगावकडे सोयाबीनची सोंगणी जोरात असते. दिवसभर वाकून विळा चालवला की रात्री मांड्या आणि कंबर भरून येते. याच दिवसांत ज्यांना कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे अशा कुणाकडून तरी ऐकायला मिळतं, "गोयीनं पाय धरले, म्हनून बंद करून टाकली." दुखणं सोंगणीचं, बिल गोळीच्या नावावर. अँजिओप्लास्टी झालेली माणसंही अशी गोळी सोडतात, याची मला फार काळजी वाटते.

ॲटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन या स्टॅटिन गटातल्या गोळ्यांनी काही जणांचे स्नायू खरंच दुखतात, पण आपण समजतो त्याहून खूपच कमी जणांचे. २०२२ साली 'लॅन्सेट'मध्ये अनेक मोठ्या चाचण्यांचा एकत्रित अभ्यास आला. स्टॅटिन घेणाऱ्यांच्या स्नायूदुखीच्या साधारण १५ तक्रारींपैकी एकच गोळीमुळे निघाली, तीही बहुतेक पहिल्या वर्षातली.

त्याआधी, २०२० मध्ये, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी त्रासामुळे गोळी सोडलेल्या ६० जणांना वर्षभरासाठी १२ बाटल्या दिल्या. चारांत स्टॅटिन, चारांत तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी आणि चार बाटल्या रिकाम्या. रिकाम्या बाटलीच्या महिन्यात त्रास कमी राहिला. औषध नसलेल्या गोळीने मात्र स्टॅटिनच्या जवळपास ९० टक्के त्रास दिला. माणसांना खरंच दुखत होतं. पण बहुतांशी गोळी घेतोय या धास्तीनेच ते दुखत होतं.

गोळीचं दुखणं बहुधा दोन्ही मांड्यांत किंवा दोन्ही खांद्यांत सारखंच असतं आणि गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर काही आठवड्यांत येतं. एकच गुडघा ठणकत असेल तर कारण दुसरीकडे शोधावं. डॉक्टर रक्तातलं सीपीके हे स्नायूंचं एन्झाइम तपासतात, डोस कमी करतात किंवा गोळी बदलून देतात. पण हातापायांतलं बळ गेलं, लघवी काळ्या चहासारखी झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. असं क्वचितच होतं, पण झालं तर किडनीवर येतं.

"लिव्हर खराब होते" हीसुद्धा भीती मोठी आहे. तपासणीत एन्झाइम थोडे वाढलेले दिसू शकतात. लिव्हरला गंभीर इजा फार विरळ. साखर वाढण्याची गोष्ट खरी आहे. ज्यांची साखर आधीच काठावर आहे त्यांना मधुमेह थोडा लवकर लागू शकतो. तरी हार्ट ॲटॅक टळण्याचा फायदा त्याहून मोठा, म्हणून मधुमेहींनाही ही गोळी देतात.

खरी जपायची गोष्ट वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. पावसाळ्यात ओल्या कपड्यांत राबून जांघेत गजकर्ण होतं. मेडिकलवरून चिठ्ठीविना खाजेची कॅप्सूल आणली जाते. त्यात बहुतेकदा इट्राकोनॅझोल असतं. लिव्हरमधलं जे एन्झाइम ॲटोरव्हास्टॅटिन मोडून काढतं, त्यालाच ही कॅप्सूल अडवते. मग गोळी रोजचीच, पण रक्तात तिचं प्रमाण चढत जातं आणि स्नायूंचा धोका वाढतो. सिमव्हास्टॅटिनसोबत तर इट्राकोनॅझोल घ्यायचंच नसतं. खोकल्यासाठी दिलं जाणारं क्लॅरिथ्रोमायसिनही याच जातीचं. अशा वेळी डॉक्टर तेवढे दिवस स्टॅटिन थांबवतात किंवा डोस कमी करतात. सेरिव्हास्टॅटिन नावाचं याच गटातलं औषध २००१ साली जगभरातून मागे घ्यावं लागलं. स्नायू विरघळून माणसं दगावली होती आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना सोबत ट्रायग्लिसराइडचं जेमफायब्रोझिल चालू होतं.

रोसुव्हास्टॅटिनचं उलटं असतं. पित्तासाठी ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं पातळ औषध सोबतच घेतलं तर ही गोळी निम्मीच अंगाला लागते. आधी गोळी घ्यावी आणि पित्ताचं औषध दोन तासांनी घ्यावं.

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी सोडणारेही बरेच आहेत. तो नॉर्मल आला तो गोळीमुळे. सोडली की काही आठवड्यांत आकडे पुन्हा वर चढतात.

गोळीचं पाकीट सदऱ्याच्या खिशात ठेवा. मेडिकलवर खाजेचं, खोकल्याचं, पित्ताचं काहीही मागायच्या आधी ते काउंटरवर ठेवा आणि विचारा, "हे चालू असताना चालंल का?"