नमुना अभ्यासक्रम आणि गळालेला विषय

गावच्या दूधसंस्थेत आपण सकाळी दूध घालता. लिटर मोजतात, फॅट लावतात, पावती मिळते आणि दहा दिवसांनी पैसे जमा होतात. नोंदीपासून पैशापर्यंतची ही जी सारी व्यवस्था, तिला माहिती प्रणाली म्हणतात. ती बसवणारा माणूस निम्मा संगणकाचा जाणकार हवा, निम्मा व्यवहाराचा. आता असा माणूस घडवायचा, तर त्याला शिकवायचे काय?

अमेरिकेत हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वीच उभा राहिला. आपल्याकडे विद्यापीठाचे अभ्यास मंडळ ठरवते आणि आम्ही संलग्न महाविद्यालयातले मास्तर निमूटपणे शिकवतो. तिथे तसे नाही. ज्याचे विद्यापीठ, त्याचा अभ्यासक्रम. मग पदवी एकच, पण शिक्षण निराळे, असे व्हायचे. म्हणून असोसिएशन फॉर कंप्युटिंग मशिनरी या संस्थेने १९७२ साली पदव्युत्तर आणि १९७३ साली पदवी वर्गासाठी नमुना अभ्यासक्रम सुचवला. लक्षात घ्या, सुचवला, लादला नाही. पुढे इतर संस्थांच्या साथीने १९९७, २००२, २०१० आणि २०२० साली त्याच्या नव्या आवृत्त्या निघाल्या.

खरी गंमत २०१० सालची. त्या नमुन्यात गाभ्याचे विषय सात. आणि प्रोग्रॅमिंग, म्हणजे संगणकासाठी आज्ञा लिहिण्याची विद्या, त्यांत नव्हतीच! ती ऐच्छिकात गेली. निरनिराळ्या विद्यापीठांना आपापल्या गरजेप्रमाणे मोकळीक मिळावी, हा हेतू होता. पण पुष्कळ विद्यापीठांनी प्रोग्रॅमिंग सक्तीचेच ठेवले. उलट गाभ्यात नव्याने आलेला एंटरप्राइज आर्किटेक्चर हा विषय, म्हणजे संस्थेच्या सगळ्या व्यवस्थांची एकत्र मांडणी, फार थोड्यांनी घेतला. मला यात नवल वाटत नाही. नवा विषय कागदावर एका ओळीत येतो, पण शिकवणारा माणूस कुठून आणायचा?

२०२० च्या नमुन्यात प्रोग्रॅमिंग पुन्हा आवश्यक भागात आले. शिवाय विषयांच्या यादीऐवजी विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे, यावर भर दिला गेला.

मला हे पटते. उद्या तुमच्या पावतीवर फॅट बरोबर आणि रक्कम चुकीची आली, तर स्वतः चार ओळी का होईना लिहिलेला मुलगा विचारील, “दर कुठे घातलाय, आणि आकडा कुठे तोडलाय?” ज्याने कधी लिहिलेच नाही, तो म्हणेल, “मशीनच तसे दाखवते, काका.”