लिथियम-आयन बॅटरीची आग

लिथियम-आयन बॅटरीची आग ही बॅटरीच्या घटातील रासायनिक अभिक्रिया अनियंत्रित झाल्यामुळे लागणारी आग होय. या बॅटऱ्या मोबाईल, लॅपटॉप, पॉवर बँक आणि विद्युत वाहनांत वापरल्या जातात.

कारणे

घटाच्या दोन विद्युत अग्रांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ, सच्छिद्र पडदा असतो व आतील द्रवात ज्वलनशील सेंद्रिय द्रावके असतात. आघात, अतिरिक्त चार्जिंग, बाहेरील उष्णता किंवा निर्मितीदोष यांमुळे पडदा निकामी झाल्यास घटात शॉर्ट सर्किट होते. त्या उष्णतेने नव्या अभिक्रिया सुरू होतात आणि त्यांतून आणखी उष्णता निर्माण होते. या साखळीला औष्णिक अनियंत्रण म्हणतात. ती शेजारच्या घटांतही पसरू शकते.

स्वरूप

या आगीतून कार्बन मोनॉक्साईड, हायड्रोजन फ्लोराईड यांसारखे विषारी वायू बाहेर पडतात. ज्वाला विझल्यावरही आतील अभिक्रिया चालू राहिल्यास काही तासांनी आग पुन्हा भडकू शकते. त्यामुळे मोठ्या बॅटऱ्या भरपूर पाण्याने दीर्घकाळ थंड कराव्या लागतात.

भारतातील घटना

मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या विद्युत स्कूटरने पेट घेतला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वसई येथे घरात चार्ज होत असलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला. त्यात भाजलेल्या लहान मुलाचा पुढे मृत्यू झाला. डिसेंबर २०२२ पासून विद्युत दुचाकींच्या बॅटऱ्यांसाठी एआयएस-१५६ या मानकातील कठोर तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू झाल्या.

खबरदारी

फुगलेली किंवा आघात झालेली बॅटरी वापरू नये. उत्पादकाने सुचवलेलाच चार्जर वापरावा. वाहनाची बॅटरी झोपण्याच्या खोलीत किंवा घराबाहेर पडण्याच्या वाटेवर चार्ज करू नये.